सुटीचा आठवडा आणि परक्याचे घर

वाचकहो, मार्च महिना उजाडला की आपल्याकडील घरांवर परीक्षांचे सावट पडू लागते. अमेरिकेतील महाविद्यालयांना मात्र त्याच सुमारास आठवडाभराची सुटी लागते. जानेवारीत सुरू होऊन मे महिन्यात संपणारे सत्र निम्म्यावर आले, की विद्यार्थ्यांना हा विसावा मिळतो. तेथे त्याला ‘स्प्रिंग ब्रेक’ म्हणतात. आपण त्याला वासंतिक सुटी म्हणू. ही सुटी आता आपल्याला अगदीच परकी राहिलेली नाही. २०२३-२४ या शैक्षणिक वर्षात अमेरिकेत शिकणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांची संख्या ३ लाख ३१ हजारांहून अधिक होती. केरळपासून पंजाबपर्यंत अनेक कुटुंबांचे डोळे त्यामुळे तिकडे लागलेले असतात.

अशा एखाद्या घरी या दिवसांत मुलाचा फोन येतो. तो सांगतो, “सुटीत मी इथल्या चर्चच्या विद्यार्थ्यांबरोबर दुसऱ्या राज्यात जातो आहे. तिथे लोकांची घरे दुरुस्त करायची आहेत.” फोन खाली ठेवताच घरात चर्चा सुरू होते. आईला त्याच्या खाण्यापिण्याची चिंता वाटते. चर्चबरोबर जायचे म्हणजे नेमके काय, हा प्रश्न वडिलांना पडतो. आणि घरात असताना ज्याने स्वतःचे अंथरूण कधी उचलले नाही, तो लोकांच्या घरांची दुरुस्ती काय करणार, असे आजी विचारते. तिन्ही प्रश्न रास्त आहेत. त्यांतही आजीचा प्रश्न सर्वांत खोल आहे, हे पुढे दिसेलच. म्हणून या वेळी आपल्या सदरात हाच विषय घेतला आहे.

सुटीच्या दोन वाटा

वासंतिक सुटी म्हटली की सामान्य अमेरिकन माणसाच्या डोळ्यांपुढे समुद्रकिनारा उभा राहतो. या प्रथेचे मूळ पोहण्याच्या सरावात आहे. उत्तरेकडील राज्यांत हिवाळा कडक असतो. तेथील महाविद्यालयांचे जलतरणपटू १९३० नंतरच्या दशकात सरावासाठी फ्लोरिडा राज्यातील फोर्ट लॉडरडेल या गावी जाऊ लागले. पोहणाऱ्यांमागून न पोहणारेही गेले. १९६० साली या सुटीवर एक चित्रपट निघाला आणि तेथे गर्दी लोटली. १९८५ साली त्या एका गावात सुमारे साडेतीन लाख विद्यार्थी जमले, तेव्हा गावकऱ्यांनी हात टेकले. नगरपालिकेने उघड्यावरील मद्यपानाविरुद्ध कडक नियम केले आणि ती जत्रा दुसऱ्या किनाऱ्यांकडे सरकली.

तथापि त्याच आठवड्यात विद्यार्थ्यांचा एक लहानसा प्रवाह दुसऱ्या वाटेने जातो. अमेरिकेतील बहुतेक मोठ्या विद्यापीठांच्या आवारात किंवा आवारालगत निरनिराळ्या पंथांची विद्यार्थी-केंद्रे असतात. कॅथलिक विद्यार्थ्यांच्या न्यूमन मंडळाचा आरंभ १८९३ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात झाला. मेथडिस्ट पंथाचे वेस्ली केंद्र १९१३ साली इलिनॉय विद्यापीठात निघाले. बॅप्टिस्ट, लूथरन इत्यादी पंथांचीही अशी केंद्रे आहेत. वर्षभर तेथे प्रार्थना, चर्चा आणि स्वस्त किंवा फुकट जेवण चालते. घरापासून दूर असलेल्या विद्यार्थ्यांना हे शेवटचे आकर्षण किती मोठे असते, हे वसतिगृहात राहिलेल्या वाचकांस सांगावयास नको. सुटीत वसतिगृहाची भोजनालये पुष्कळदा बंद असतात, परदेशी विद्यार्थ्याला घरी जाणे परवडत नाही, आणि अशा वेळी केंद्रातील मित्र विचारतो, “आमच्याबरोबर येतोस का?”

या सहलींना तेथे बहुधा ‘मिशन ट्रिप’ म्हणतात. भाषांतर करणाऱ्यास हा शब्द अडवितो. मराठी कानाला ‘मिशन’ म्हटले की मिशनचा दवाखाना, मिशनची शाळा आणि धर्मप्रसार हे सारे एकदम आठवते. अमेरिकन बोलण्यात मात्र या एकाच शब्दात दोन वेगळी कामे मावतात. काही सहली खरोखरच धर्मप्रसारासाठी असतात. किनाऱ्यावर जमलेल्या तरुणांना रात्री फुकट गाडीने मुक्कामी पोचवायचे, सकाळी त्यांना गरम धिरडी खाऊ घालायची आणि या निमित्ताने धर्माविषयी बोलायचे, असा उपक्रम बॅप्टिस्ट विद्यार्थी कित्येक वर्षे करीत आले आहेत. दुसऱ्या प्रकारच्या सहलीत हातोडा, पहार आणि रंगाचा ब्रश यांनाच काम असते. आपल्या विद्यार्थ्यास बहुतेक वेळा आमंत्रण येते ते या दुसऱ्या सहलीचे. परंतु ते कोणत्या सहलीचे आहे, हे आधी विचारून घेण्यात कसलाही संकोच नसावा.

सात दिवसांचा दिनक्रम

दहा-बारा विद्यार्थी आणि एक-दोन वडीलधारी माणसे व्हॅनमधून निघतात. प्रवास दहा-बारा तासांचा, कधी त्याहूनही लांबचा असतो. खर्चाचा काही भाग विद्यार्थी स्वतः देतात आणि उरलेला मोटारी धुऊन किंवा न्याहारीची विक्री करून आधीच जमवितात. मुक्काम बहुधा त्या गावातील चर्चच्या सभागृहात असतो. तेथे जमिनीवरच अंथरूण पसरायचे आणि अंघोळीसाठी रांग लावायची. सकाळी न्याहारी आणि छोटी प्रार्थना होते, मग दिवसभर काम चालते. संध्याकाळचे जेवण पुष्कळदा गावातील बायकाच रांधून आणतात. रात्री सर्वजण गोलाकार बसून दिवसभरात काय पाहिले, काय खटकले, हे बोलतात.

ते काम कसले असते, हे समजण्यास अमेरिकन घराची रचना माहीत हवी. तेथील सामान्य घर विटांचे नसून लाकडी सांगाड्याचे असते. सांगाड्याच्या आतल्या बाजूस जिप्समचे तक्ते ठोकलेले असतात आणि भिंतीच्या पोकळीत उबेसाठी कापसासारखा थर भरलेला असतो. अशा घरात पुराचे पाणी शिरले की तक्ते ओल शोषून घेतात आणि थोड्याच दिवसांत भिंतीवर बुरशीचे काळे डाग चढतात. अशा वेळी घर वाचविण्याचा एकच उपाय उरतो. आतले सारे सामान बाहेर काढायचे, भिजलेले तक्ते सोलून टाकायचे, एकूणएक खिळा उपसायचा आणि उघडा पडलेला सांगाडा घासून वाळू द्यायचा.

२९ ऑगस्ट २००५ रोजी कत्रिना हे चक्रीवादळ अमेरिकेच्या दक्षिण किनाऱ्यावर आदळले. न्यू ऑर्लिन्स शहराचे बांध फुटले आणि शहराचा सुमारे ८० टक्के भाग पाण्याखाली गेला. एक हजाराहून अधिक माणसे मृत्यू पावली. काही वस्त्यांतून पाणी कित्येक आठवडे हटले नाही. त्यानंतरच्या वसंतात, म्हणजे २००६ सालच्या मार्चमध्ये, हजारो विद्यार्थी समुद्रकिनारा सोडून त्या शहरात गेले. त्यांतील पुष्कळजण चर्चच्या गटांतून गेले होते. अंगभर पांढरा झगा, हातमोजे आणि तोंडावर मुखपट्टी अशा वेषात ते घरे उपसत होते. शीतकपाटे उघडायची नाहीत, चिकटपट्टीने बंद करून तशीच बाहेर न्यायची, हा पहिला धडा असे. आत कित्येक महिन्यांपूर्वीचे अन्न सडलेले असे.

याहून मोठा धडा दुसराच होता. विद्यार्थ्याला जो कचरा दिसतो, तो घरमालकाचा संसार असतो. चिखलाने माखलेली छायाचित्रे, लग्नातले चिनीमातीचे ताट, मुलांच्या शाळेतली प्रशस्तिपत्रे, यांतले काय टाकायचे आणि काय ठेवायचे हे ठरविण्याचा अधिकार पहार हाती घेतलेल्या तरुणाचा नाही. म्हणून जाणती माणसे नव्या विद्यार्थ्याला प्रथम हेच शिकवितात, की विचारल्यावाचून काही टाकू नकोस. आणि घरमालक बोलू लागला तर हातातले काम थांबवून ऐक. त्या आठवड्यात एखादी भिंत कमी सोलली गेली तरी चालेल.

डोंगरातील घरे

पूर, वादळ ही अचानक आलेली संकटे झाली. परंतु अमेरिकेसारख्या संपन्न देशातही वर्षानुवर्षांचे दारिद्र्य आहे. पूर्वेकडील ॲपलेशियन पर्वतराजीत कोळशाच्या खाणींवर जगणारी गावे आहेत. खाणीत यंत्रे आली, पुढे कित्येक खाणी बंद पडल्या, तरुण माणसे शहरांकडे गेली आणि म्हातारी माणसे गळक्या छपरांखाली उरली. १९६९ साली ग्लेन एव्हन्स या मेथडिस्ट धर्मोपदेशकांनी सुमारे ५० तरुण आणि प्रौढ स्वयंसेवकांना केंटकी राज्यातील बार्बरव्हिल येथे नेऊन चार घरे दुरुस्त केली. ‘ॲपलेशिया सर्व्हिस प्रोजेक्ट’ या संस्थेचा हा आरंभ होता. घर अधिक उबदार, अधिक सुरक्षित आणि अधिक कोरडे व्हावे, एवढेच तिचे उद्दिष्ट आहे. घर देखणे व्हावे, असे त्यात कोठेही नाही.

या कामात बारकावेही असतात. चाकांच्या खुर्चीत बसलेल्या वृद्धेला अंगणात येता यावे म्हणून ओट्यापासून लाकडी उतरण बांधावयाची असते. नियम असा, की एक इंच उंचीसाठी निदान बारा इंच लांबी हवी. ओटा तीस इंच उंच असेल, तर उतरण तीस फूट लांब झालीच पाहिजे. घाईघाईत ती आखूड केली, तर पहिल्याच पावसात खुर्ची घसरेल. विद्यार्थी रविवारी निघून जातात. म्हातारीला त्या उतरणीवरून रोज ये-जा करावयाची असते. परोपकारातही गणित चुकवून चालत नाही, हे यावरून ध्यानात येईल.

या संदर्भात आणखी एका संस्थेचा उल्लेख केला पाहिजे. मिलार्ड आणि लिंडा फुलर या दाम्पत्याने १९७६ साली जॉर्जिया राज्यात ‘हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी’ स्थापन केली. ज्याला घर हवे त्याने स्वतः श्रमाचे ठरावीक तास द्यायचे आणि घराची किंमत परवडेल अशा हप्त्यांनी फेडायची, अशी तिची पद्धत आहे. यामुळे घर भीक म्हणून मिळत नाही आणि घेणाऱ्याची मान ताठ राहते. १९८९ पासून या संस्थेने महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी सुटीतील बांधकामाचा स्वतंत्र उपक्रम चालविला. तिची शाखा आपल्या देशात १९८३ पासून काम करीत आहे. अमेरिकेचे माजी अध्यक्ष जिमी कार्टर (मृत्यू २०२४) हे तिचे नामांकित स्वयंसेवक. २००६ साली ते लोणावळ्याजवळ मळवली येथे येऊन शंभर घरांच्या बांधकामात हाताला घट्टे पाडून गेले, हे महाराष्ट्रातील वाचकांस आठवत असेल. त्यांच्या मातोश्री लिलियन कार्टर १९६६ साली, वयाच्या ६८ व्या वर्षी, परिचारिका म्हणून मुंबईच्या विक्रोळीत आल्या होत्या. त्या आठवडाभरासाठी आल्या नव्हत्या. जवळजवळ दोन वर्षे राहिल्या.

एका पाद्र्याचा इशारा

आठवडा आणि दोन वर्षे यांतील या अंतरापाशी आपल्याला थोडे थांबले पाहिजे. अशा सहलींवर कठोर टीकाही झाली आहे, आणि सर्वांत कठोर टीका एका धर्मगुरूनेच केली. इव्हान इलिच हे कॅथलिक धर्मगुरू मेक्सिकोत राहत होते. सुटीत मेक्सिकोतील खेड्यांत सेवेसाठी जाणाऱ्या अमेरिकन विद्यार्थ्यांची एक परिषद २० एप्रिल १९६८ रोजी शिकागोजवळ भरली होती. तिच्यापुढे बोलताना त्यांनी मुलांची मुळीच गय केली नाही. तुमचा हेतू चांगला आहे, पण त्याने कोणाचे भले होत नाही, असा त्यांचा आशय होता. ज्यांची भाषा तुम्हाला येत नाही, ते तुम्हाला ‘तुमची मदत नको’ असेही सांगू शकत नाहीत. मेक्सिकोत खुशाल या, पाहा, शिका, डोंगर चढा. पण मदत करावयास येऊ नका, असे त्यांनी सांगितले.

हा इशारा आजही तितकाच खरा आहे. विमानभाड्याला लागणाऱ्या पैशांत त्या गावचे दोन सुतार कित्येक दिवस कामाला लागले असते, हा हिशेब कोणालाही मांडता येईल. अननुभवी हातांनी बांधलेली भिंत मागाहून पाडावी लागते, हेही कोणी नाकारणार नाही. मग आजीचा प्रश्न पुन्हा समोर येतो: ज्याला काम येत नाही त्याने जावेच कशाला?

आमच्या मते याचे उत्तर कामाच्या प्रकारात आहे. कसबाचे काम परक्या, अननुभवी पोराने करू नये; ते गावच्या कारागिराला मिळावे. परंतु पूर ओसरल्यावर हजारो घरे एकाच वेळी उपसावयाची असतात. तेव्हा कसबापेक्षा हातांची संख्या आणि सोशिकपणा यांची गरज अधिक असते, आणि मजुरीने माणसे लावणे वृद्ध, विमा नसलेल्या घरमालकाच्या आवाक्याबाहेरचे असते. तेथे विद्यार्थ्याचे सात दिवस खरोखर कामी येतात. दुसरी अट अशी, की ते सात दिवस एखाद्या कायम चाललेल्या कामाचा तुकडा असावेत. सोमवारी आलेला गट जे अर्धवट सोडतो, ते पुढच्या सोमवारी येणारा गट हाती घेतो, आणि वर्षभर तेथे राहणारा माणूस दोघांवर देखरेख ठेवतो. असे असेल तर आठवडा वाया जात नाही. आणि तिसरी अट सर्वांवर: ज्याचे घर त्याचा शब्द शेवटचा.

या तिन्ही अटी पाळल्या गेल्या तरी एक गोष्ट मनात स्वच्छ असावी. त्या आठवड्यात घराला जे मिळते, त्याहून विद्यार्थ्याला अधिक मिळते. तो देणारा म्हणून जातो आणि ऋणी होऊन परततो. आपण उपकार करून आलो, असे वाटत तो परतला, तर सहल फसली असे समजावे.

मुलाला काय विचारावे

आता पालकांच्या उपयोगाच्या चार गोष्टी सांगतो. पहिली: काम कोणते, ते कोणाच्या देखरेखीखाली होणार आणि गटाला त्या गावी कोणी बोलाविले आहे, हे मुलाला विचारा. याचे उत्तर त्याच्यापाशी नसेल, तर त्याला ते विचारून घ्यायला सांगा.

दुसरी गोष्ट धर्माविषयी. सकाळ-संध्याकाळ प्रार्थना होईल, हे गृहीत धरावे. पुष्कळ केंद्रे इतर धर्मांच्या विद्यार्थ्यांना मोकळेपणाने घेतात आणि प्रार्थनेच्या वेळी स्वस्थ बसून राहण्यास त्यांची हरकत नसते. परंतु लोकांना धर्म सांगणे हा सहलीच्या कामाचाच भाग असेल, तर ज्याची त्यावर श्रद्धा नाही त्याने नम्रपणे नकार द्यावा. यजमानाचाही मान त्यातच राहतो. आपल्या मुलाचा धर्म कोणाबरोबर एका पंगतीला बसल्याने उणा होईल, इतका तो लेचापेचा नाही, असा विश्वास घरच्यांनी ठेवावा.

तिसरी गोष्ट खाण्याची. शाकाहारी असल्यास तसे आधीच कळवावे. दक्षिणेकडील राज्यांत घेवड्याच्या आणि पालेभाजीच्या भांड्यातदेखील चवीसाठी डुकराच्या मांसाचा तुकडा पडतो. जेवण रांधणाऱ्या बाईंना ऐनवेळी ओशाळे करण्यापेक्षा पूर्वसूचना बरी.

चौथी गोष्ट सुरक्षिततेची. धनुर्वाताची लस घेतलेली असावी, आरोग्य-विम्याचे कार्ड जवळ असावे, आणि ज्या कागदावर सही करावयाची तो पूर्ण वाचावा. धर्मादाय संस्थेसाठी केलेले विनावेतन काम ही नोकरी नव्हे. तरीही विद्यार्थी-व्हिसावर असलेल्याने विद्यापीठातील परदेशी विद्यार्थ्यांच्या कचेरीत एकदा विचारून घेणे शहाणपणाचे.

आपल्या अंगणातले काम

वाचकहो, हे सारे वाचून, आमची मुले तर येथेच शिकतात, असे आपल्यापैकी बहुसंख्य म्हणतील. त्यांच्यासाठी एक योगायोग सांगतो. ज्या १९६९ साली केंटकीतील ती चार घरे दुरुस्त झाली, त्याच वर्षी, २४ सप्टेंबर रोजी, गांधी जन्मशताब्दीच्या निमित्ताने आपल्या देशात राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. आरंभी तिच्यात ३७ विद्यापीठे आणि सुमारे ४० हजार विद्यार्थी होते. दत्तक घेतलेल्या खेड्यात सात दिवसांचे विशेष शिबिर हा तिचा गाभा आहे. त्याच्याही आधी, १९६७ साली, बाबा आमटे यांनी चंद्रपूर जिल्ह्यातील सोमनाथ येथे तरुणांसाठी श्रमसंस्कार छावणी सुरू केली होती. मे महिन्याच्या कडक उन्हात तेथे कुदळ-फावडे हाती घेतलेल्यांपैकी कित्येकांचे पुढचे आयुष्य त्या काही दिवसांनी बदलून गेले.

म्हणून आपल्या मुलाने किंवा मुलीने महाविद्यालयातून येऊन शिबिराला जाण्याची परवानगी मागितली, तर केवळ ‘गुण किती मिळतात?’ एवढेच विचारू नका. वर सांगितलेल्या अटी येथेही लावून पाहा. गावाने बोलाविले आहे का? गेल्या वर्षी खणलेल्या चराचे पुढे काय झाले, हे कोणी पाहिले आहे का? काम गावकरी सांगणार, की व्यासपीठावरून ठरणार? आणि मुलीला नकार देताना, मुलगा असता तर दिला असता का, हे क्षणभर स्वतःस विचारा.

सात दिवसांनी ते मूल घरी परत येईल, हाताला फोड आलेले असतील. त्या वेळी त्याच्या कामाचे कौतुक करण्याआधी ज्यांच्या घरी ते गेले त्या माणसांविषयी विचारा. त्यांची नावे काय, ती काय खातात, कशावर हसतात, त्यांना कशाची धास्ती आहे? ही उत्तरे त्याला देता आली, तर सुटी सत्कारणी लागली असे खुशाल समजा. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने आपले अंथरूण आपण उचलले, तर आजीच्या प्रश्नाचेही उत्तर मिळाले म्हणावयाचे.